चित्रावर ठेवलेला पैसा : प्रस्तावना

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमध्ये पैशाबद्दल बोललं जातं त्याहून जास्त दाखवलं जातं. महापालिकेचं मुख्यालय याच भागात आहे, जिवाजी विद्यापीठ जवळच आहे. बँकांच्या शाखा, शेअर दलालांची आणि विमा एजंटांची कार्यालयं, बिल्डरांची बुकिंग ऑफिसं आणि कोचिंग क्लासेस सगळे एकमेकांना खेटून उभे आहेत. त्यांच्या दर्शनी भागावरच्या फ्लेक्सवर एक ठरावीक संसार नांदत असतो. तरुण नवरा-बायको आणि त्यांची दोन मुलं हसत उभी असतात आणि नवऱ्याच्या हातात घराची किल्ली असते. कुठे नाण्यांच्या ढिगातून कोवळं रोप उगवतं, तर कुठे हिरवा बाण कागदाची चौकट फोडून वर जातो. एखाद्या टोलेजंग इमारतीच्या चित्रामागे ग्वाल्हेरच्या किल्ल्याचे घुमट धूसर दिसतात. तिथून किल्ला खरोखर दिसेल का, हे कुणी विचारत नाही.

पाहणाऱ्याने पैशाबाबत काही ठरवावं, ठेव ठेवावी, प्लॉट बुक करावा, ॲप उतरवून घ्यावं, एवढ्याचसाठी ही चित्रं लावलेली असतात. ती हे काम कसं करतात, कुणावर जास्त करतात आणि कायदा त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, हा या पुस्तकाचा विषय आहे. मराठीत गुंतवणुकीवरची पुस्तकं आता बरीच निघतात. चक्रवाढ व्याज, फंडांचे प्रकार, करबचत यांवर त्यांत भरपूर मजकूर असतो. पण पैसा हातातून सुटतो त्या क्षणी गुंतवणूकदाराच्या डोळ्यांसमोर आकडा नसून बहुतेक वेळा एखादं चित्र असतं, ही गोष्ट त्यांत जवळपास येतच नाही.

चित्र लक्ष वेधून घेतं, हे सांगायला पुस्तक लिहायची गरज नाही. चित्र त्याच्याही पुढे जातं. ते मनात पुराव्याची जागा घेतं. एरिन न्यूमन, मेरियन गॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना एखादं विधान वाचायला द्यायचं आणि ते खरं की खोटं एवढंच विचारायचं. थर्मामीटरमधला द्रव धातू मॅग्नेशियम असतो, हे त्या प्रकारचं एक विधान. काहींना नुसतं विधान दिलं आणि काहींना सोबत थर्मामीटरचा फोटो दिला. त्या फोटोतून आतला धातू कोणता हे कळायला काहीच मार्ग नव्हता. तरीही सोबत फोटो असला की विधान खरं वाटण्याकडे लोकांचा कल वाढत होता. फोटोमुळे विधान डोळ्यांपुढे सहज उभं राहतं आणि सहज उभं राहिलेलं मनाला खरं वाटतं. आता थर्मामीटरच्या जागी सागवानाची बाग ठेवा आणि मॅग्नेशियमच्या जागी दरवर्षी अमुक टक्के परतावा. आपल्याकडच्या कितीतरी योजनांचं माहितीपत्रक हुबेहूब असंच असतं.

व्यवहारातही याची मोजदाद झाली आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या एका कर्ज देणाऱ्या संस्थेने आपल्या जवळपास ५३,००० जुन्या ग्राहकांना कर्जाच्या प्रस्तावाची पत्रं पाठवली. पत्रांमधले व्याजदर आणि मांडणी अर्थशास्त्रज्ञांनी ठरवून, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी बदलली होती. मेरियन बर्ट्रांड, डीन कार्लन, सेंथिल मुल्लाइनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पत्रावर आकर्षक स्त्रीचा फोटो छापल्याने कर्जाची मागणी जितकी वाढली, तितकी वाढवायला व्याजदर सुमारे एक-चतुर्थांश उतरवावा लागला असता. कर्ज घेणारा माणूस व्याजाचा दर पाहतो, हा सगळ्या अर्थशास्त्राचा पाया. त्या दरातल्या मोठ्या कपातीच्या तोडीचं वजन एका फोटोला मिळालं, आणि कर्जाशी त्या फोटोचा काडीचा संबंध नव्हता. त्याच वर्षी क्लॉडिया टाउनसेंड आणि सुझन शू यांनी दाखवलं की वार्षिक अहवाल देखणा छापला की वाचणारे त्या कंपनीची किंमत जास्त धरतात. आपण व्यवहारी आहोत, दिसण्याला भुलत नाही, असं मानणाऱ्या माणसाने हे दोन अभ्यास तरी जाणून घ्यावेत.

आता ग्वाल्हेरकडे वळतो. परदेशातल्या प्रयोगांत जे येत नाही आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, ते इथे रोज दिसतं.

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथे लष्कराचा तळ दिला आणि त्या तळाचं लष्कर शहर झालं. त्यांच्यासोबत आणि त्यांच्यानंतर आलेल्या मराठी घरांच्या कित्येक पिढ्या इथे झाल्या. या घरांत स्वयंपाकघरात आणि देवघरात मराठी बोलली जाते. बाजारात आणि कचेरीत हिंदी चालते. आणि म्युच्युअल फंडाचं योजनापत्र, शेअर विक्रीचं माहितीपत्रक, विम्याच्या अटी हे सगळं बहुधा इंग्रजीत येतं. ज्या भाषेत माणूस भांडतो, हिशेब करतो, शंका काढतो, त्या भाषेत त्याच्या पैशाचा कागद नसतो. पेन्शनीत निघालेल्या काकांपुढे ऐंशी पानांचा इंग्रजी दस्तऐवज आणि एक रंगीत पान ठेवलं, तर त्यातलं रंगीत पानच त्यांना पूर्ण समजतं. त्यावरची आजी, नातवंडं, घर आणि वर जाणारा बाण या सगळ्याला भाषांतर लागत नाही.

म्हणून चित्राचा प्रभाव सगळ्यांवर सारखा पडतो, असं मी मानत नाही. जिथे मजकूर वाचणाऱ्याच्या भाषेत असतो तिथे चित्र मजकुराच्या सोबतीला उभं राहतं. मजकूर परका असला की सगळा भार चित्रावर येतो आणि निर्णय त्या एका आधारावर घेतला जातो. काका भोळे असतात असं यातून अजिबात निघत नाही. याच काकांनी आयुष्यभर भाजीवाल्याशी, घरमालकाशी आणि कंत्राटदाराशी पैशाचे व्यवहार चोख केलेले असतात. त्यांच्यासमोर वाचता येण्याजोगा कागदच कुणी ठेवलेला नसतो. भुलणाऱ्या गुंतवणूकदाराची हजेरी घेणारे लेख आपल्याकडे पुष्कळ येतात. ते वाचून मला राग येतो, कारण त्यांत हा मुद्दा कधीच नसतो.

चित्र म्हणजे कागदावरचंच चित्र असंही नाही. या शहराशी जोडलेलं एक उदाहरण शंभर वर्षांहून जुनं आहे. टाटांची पोलाद कंपनी १९०७ मध्ये स्थापन झाली तेव्हा लंडनच्या बाजारात तिला भांडवल मिळत नव्हतं. मग मुंबईत भाग विक्रीला काढले. स्वदेशीचे दिवस होते. टाटांच्या कचेरीपुढे सकाळपासून रात्रीपर्यंत लोकांची रीघ लागली आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी कारखाना उभारायला लागणारं १६ लाख ३० हजार पौंडांचं भांडवल भरलं. पुढे खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे काढले गेले, तेव्हा ते सगळेच्या सगळे एका माणसाने घेतले. तो माणूस म्हणजे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे. भाग विकले गेले तेव्हा साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, कारखाना उभा नव्हता. पहिलं पोलाद निघायला १९१२ साल उजाडलं. त्या आठ हजार लोकांच्या मनात आपल्या देशात पोलाद ओतलं जात असल्याचं एक चित्र होतं आणि त्यावर त्यांनी पैसा ठेवला. ते चित्र खरं ठरलं. हे उदाहरण मुद्दाम देतो आहे, कारण मनातल्या चित्रावर विसंबून केलेली प्रत्येक गुंतवणूक बुडते असं माझं म्हणणं नाही. चित्रामागे भूगर्भशास्त्रज्ञांनी तपासलेलं लोहखनिज होतं, अभियंत्यांचे आराखडे होते आणि जबाबदार माणसं होती. चित्राच्या मागे काय आहे ते पाहायला नकोच असं वाटू लागलं की धोका सुरू होतो.

आपल्या घरांत पैशाचं चित्र त्याच्याही आधीच आलं होतं. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला आणि कमळावर उभ्या असलेल्या लक्ष्मीच्या रंगीत छापील प्रती घरोघर पोचल्या. दुकानाच्या गल्ल्यावर ती आली आणि दिवाळीत पूजल्या जाणाऱ्या हिशेबाच्या वह्यांवरही तशा लक्ष्मीची चित्रं छापली जाऊ लागली. पुढे आयुर्विमा महामंडळाने दिव्याच्या ज्योतीभोवती धरलेले दोन हात घेतले आणि बँक ऑफ महाराष्ट्रने दीपमाळ घेतली. आसरा, उजेड आणि मांगल्य या भावना पैशाशी जोडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मला ती वाईट वाटत नाही. मात्र याच रीतीचा पुढे काही लोकांनी पुरेपूर फायदा घेतला.

१९९० नंतरच्या दशकात वर्तमानपत्रांत सागवानाच्या बागांच्या जाहिराती येऊ लागल्या. सरळ रांगेत उभी झाडं, मध्ये लाल मातीची वाट आणि खाली वीस वर्षांनंतर मिळणारी रक्कम. झाडाचा फोटो खराच होता. आपल्या पैशातून लावलेलं झाड ते नव्हे आणि सागवान त्या मुदतीत तेवढा वाढत नाही, हे फोटोत दिसत नव्हतं. अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, १९९९ मध्ये नियम केले. त्याच वर्षी महाराष्ट्राने ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि २००० मध्ये मध्य प्रदेशाने तसाच कायदा आणला. तरी चित्रं बदलत राहिली आणि धंदा चालू राहिला. झाडांच्या जागी शेतजमीन आली. पीएसीएल म्हणजे पर्ल्स या कंपनीने जमिनीच्या तुकड्यांच्या नावाखाली देशभरातल्या सुमारे ५ कोटी ८५ लाख लोकांकडून ४९,१०० कोटी रुपये गोळा केल्याचं सेबीने ऑगस्ट २०१४ च्या आदेशात म्हटलं. पैसे परत करण्यासाठी पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती लोढा समिती नेमावी लागली.

पुण्याच्या समृद्ध जीवन समूहाने शेळ्या, गाई आणि म्हशी आणल्या. गोठा, दुभतं जनावर आणि दुधाळ शेळी यांची किंमत ग्रामीण महाराष्ट्राला समजावून सांगावी लागत नाही. म्हणूनच ती प्रतिमा निवडली गेली. ही नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचा निष्कर्ष सेबीने काढला. या समूहाच्या हातात मी मराठीसारखी दूरचित्रवाहिनीही होती, हा तपशील मला फार बोलका वाटतो. ज्यांनी लोकांकडून पैसे घेतले, लोकांना चित्रं दाखवणारा पडदाही त्यांचाच होता.

ग्वाल्हेर-चंबळ भागाने हा काळ भोगला आहे. दुप्पट रकमेची आश्वासनं देणाऱ्या कंपन्यांना इथे सरसकट चिटफंड म्हणतात, त्यांचा चिटफंडाच्या कायद्याशी संबंध असो वा नसो. काचेची केबिन, गणवेशातला शिपाई, भिंतीवर पुढाऱ्यांसोबतचे फोटो आणि टेबलावर चकचकीत पुस्तिका अशी त्यांची कार्यालयं असत. २०११ च्या सुमारास जिल्हा प्रशासनाने अशा अनेक कार्यालयांना टाळं ठोकलं. पैसे भरणारे लोक भिंड, मुरैना आणि दतियाच्या गावांतून येत. त्यांच्या हातातल्या पावत्या बँकेच्या मुदत ठेवीच्या पावतीसारख्याच दिसायच्या. कडेला नक्षी, मध्ये फिकट शिक्का, खाली सही. त्या कागदाकडे पाहून बँकेची आठवण व्हावी, अशीच ती रचना होती.

ही पद्धत आजही तशीच आहे. मुंबईत दादरला २०२४ च्या फेब्रुवारीत टोरेस नावाची झगमगीत पेढी उघडली. मग मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई परिसरात तिच्या शाखा निघाल्या. मॉइसनाइट नावाचा, प्रयोगशाळेत बनणारा आणि हिऱ्यासारखा दिसणारा खडा विकत घ्यायचा आणि गुंतवलेल्या रकमेवर दर आठवड्याला परतावा मिळवायचा, अशी योजना होती. सोडतीत लोकांना मोटारी दिल्या जात आणि त्या समारंभांची चित्रफीत फिरवली जाई. मग परतावे थांबले, जानेवारी २०२५ मध्ये दुकानं बंद झाली आणि दादरच्या दाराशी गर्दी उसळली. त्या गर्दीत भाजी विकणारे होते, गृहिणी होत्या, छोटे दुकानदार होते. आठवड्याला इतके टक्के म्हणजे वर्षाला किती, हा गुणाकार त्यांना येत नव्हता असं कुणी म्हणू नये. भाजीच्या गाड्यावर दिवसातून शंभर वेळा त्याहून अवघड हिशेब होतो. पण शेजारणीला मोटारीची किल्ली मिळताना डोळ्यांनी पाहिलं होतं. मोबाइलवर ती चित्रफीत पुन्हा पाहता येत होती आणि जाऊबाईंना पाठवता येत होती. गुणाकार जिथल्या तिथे राहिला आणि चित्र घरोघर गेलं.

घराच्या व्यवहारात तर चित्र हाच माल असतो, कारण बुकिंगच्या दिवशी इमारत उभीच नसते. संगणकावर काढलेली बाग, पोहण्याचा तलाव, दुतर्फा झाडं असलेला रस्ता आणि पानाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत चित्र काल्पनिक असल्याची नोंद. ग्वाल्हेरच्या वेशीबाहेर कॉलन्यांच्या रंगीत ले-आउटवर प्लॉट विकले जातात. त्यातल्या कित्येकांचं डायवर्शन, म्हणजे शेतजमिनीचं बिगरशेती रूपांतर, झालेलं नसतं, नगर तथा ग्राम निवेश खात्याची मंजुरी नसते, आणि ती अवैध कॉलनी ठरल्यावर घेणारा वर्षानुवर्षं पाण्याच्या जोडणीसाठी महापालिकेचे उंबरे झिजवतो. या बाबतीत कायद्याने खूप चांगलं पाऊल टाकलं आहे आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांसाठीच्या २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार, जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या मजकुरावर किंवा सॅम्पल फ्लॅटवर विश्वास ठेवून पैसे भरले आणि ती माहिती खोटी निघाल्याने नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यायची आहे. प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्याला सगळे पैसे व्याजासह परत मागता येतात. चित्र दाखवणं ही जबाबदारी घेणं आहे, हे या कलमाने मान्य केलं. म्हणून माहितीपत्रक फेकू नका. सॅम्पल फ्लॅटचे फोटो तारखेसह जपून ठेवा. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ पासून घरांच्या जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो मोबाइलने वाचला की प्रकल्पाची महारेराकडची खरी नोंद समोर येते. मध्य प्रदेशातही रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद पाहता येते.

शेअर बाजाराच्या नियामकाने चित्राची ताकद किती ओळखली आहे, हे फार मनोरंजक आहे. भाग विक्रीच्या जाहिरातींत मॉडेल, नामवंत व्यक्ती, काल्पनिक पात्रं, प्रसिद्ध वास्तू किंवा व्यंगचित्रं वापरायला सेबीच्या नियमांनी बंदी आहे. म्हणजे कंपनी शेअर विकायला निघाली तर तिच्या जाहिरातीत नट नाही, क्रिकेटपटू नाही आणि ग्वाल्हेरचा किल्लाही नाही. एखाद्या फंड घराण्याला आपल्या योजनेसाठी नामवंत चेहरा वापरता येत नाही. मात्र २०१७ मध्ये संपूर्ण म्युच्युअल फंड उद्योगाच्या सामायिक प्रचाराला पूर्वपरवानगीने तशी मुभा मिळाली आणि २०२० मध्ये त्या प्रचारात सचिन तेंडुलकर आणि महेंद्रसिंग धोनी दिसले.

या बंदीची एक कडू बाजू मला सांगितलीच पाहिजे. नियम पाळणाऱ्यांना चित्रं सोडावी लागतात, आणि नियमाबाहेर असलेल्यांकडे सगळी चित्रं शिल्लक राहतात. नोंदणीकृत फंडाच्या जाहिरातीत बाजारातल्या जोखमीचा इशारा वाचला जातो. बनावट योजनेच्या जाहिरातीत फक्त मोटारीची किल्ली असते. चित्रांच्या स्पर्धेत प्रामाणिक माणूस मागे पडतो आणि त्याची भरपाई कोणताही इशारा करू शकलेला नाही.

सेबीने स्वतःही चित्र काढलं. २०१३ मध्ये म्युच्युअल फंडांच्या योजनांना रंगाची खूण आली. कमी जोखमीला निळा, मध्यमला पिवळा आणि जास्तीला तपकिरी. तपकिरी रंग पाहून कुणाला भीती वाटावी, अशी आपल्याकडे काही परंपरा नाही. २०१५ मध्ये रंग गेले आणि गाडीच्या वेगमापकासारखी काट्याची तबकडी आली. तिचं नाव रिस्कोमीटर. जानेवारी २०२१ पासून तिच्यात अति जास्त ही सहावी पायरी आली आणि डिसेंबर २०२४ पासून हिरव्यापासून लालपर्यंतचे रंग पुन्हा आले. अकरा वर्षांच्या या खटपटीकडे मी आदराने पाहतो. एका सरकारी संस्थेने लोकांचा डोळा कसा वाचतो हे शिकत शिकत स्वतःच्या चुका सुधारल्या. पण आजही ती तबकडी पानाच्या कोपऱ्यात असते आणि हसरं कुटुंब पानभर. तिचा किमान आकार कुटुंबाच्या चित्राच्या प्रमाणात ठरवून द्यावा, अशी माझी मागणी आहे. ऑक्टोबर २०२४ पासून भाग विक्री करणाऱ्या कंपन्यांना दस्तऐवजातली मुख्य माहिती चित्रफितीच्या रूपात देणं सक्तीचं झालं. हेही योग्य दिशेचं पाऊल आहे. मात्र त्या चित्रफिती इंग्रजी आणि हिंदी या दोन भाषांपासून सुरू झाल्या. मराठीचा नंबर त्यात लागला पाहिजे.

मोबाइलच्या पडद्यावर गुंतवणूक आल्यापासून चित्र आणि व्यवहार यांच्यातलं अंतरच संपलं. पूर्वी जाहिरात पाहून दलालाकडे जाईपर्यंत एक रात्र मध्ये जायची. आता भावाची रेषा, लाल-हिरवे आकडे आणि विकत घ्यायचं बटण एकाच पडद्यावर असतं. बॅझली, क्रॉन्क्विस्ट आणि मॉर्मन यांच्या २०२१ च्या अभ्यासात आकडे लाल रंगात दाखवले की लोक कमी जोखीम घेत होते आणि पुढच्या परताव्याबद्दल जास्त निराश होत होते. रंगांध व्यक्तींवर हा परिणाम नव्हता आणि चीनमध्ये, जिथे लाल हा भरभराटीचा रंग आहे, तो मंदावला. आपल्याकडे कुंकू लाल, दिवाळीच्या वहीचं कापड लाल आणि बाजारातला तोटाही लाल. आपल्या डोळ्यावर या रंगाचा कोणता अर्थ अधिक जोर धरतो, यावर भारतात नीट काम व्हायला हवं.

या पडद्यावरचं सर्वांत घातक चित्र म्हणजे नफ्याचा स्क्रीनशॉट. मोबाइलवरच्या समूहात कुणीतरी दिवसाची कमाई टाकतो आणि आठवड्याभराचा तोटा टाकत नाही. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून जास्त होता. हे वाक्य दहा वेळा वाचलं तरी डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. मित्राच्या मोबाइलवरचा हिरवा आकडा मात्र रात्री झोपतानाही दिसतो. बाप ऑफ चार्ट या नावाने शिकवण्या आणि शिफारशी देणाऱ्यावर सेबीने ऑक्टोबर २०२३ मध्ये कारवाई करून सुमारे १७ कोटी रुपये रोखले. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने स्पष्ट केलं की शिक्षणाच्या नावाखाली चालू भाव दाखवता येणार नाहीत, तीन महिने जुनेच दाखवावे लागतील. सिटी सेंटरच्या कोचिंगच्या गल्ल्यांतून हिंडणाऱ्या मुलांसाठी हा नियम फार मोलाचा आहे.

आणि आता चेहराही बनवता येतो. जानेवारी २०२४ मध्ये एका गेमिंग ॲपची शिफारस करणारी सचिन तेंडुलकरांची बनावट चित्रफीत फिरली आणि ती खोटी असल्याचं त्यांना स्वतः सांगावं लागलं. एप्रिलमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचे प्रमुख आशीषकुमार चौहान शेअर सुचवताना दिसले. तेही बनावट होतं. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेला आपल्या गव्हर्नरांच्या बनावट चित्रफितींबद्दल इशारा द्यावा लागला. डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं, ही साक्ष आपण पिढ्यान्‌पिढ्या शेवटची मानत आलो. पैशाच्या बाबतीत ती यापुढे पहिलीसुद्धा मानू नये.

एवढं सगळं असूनही हे पुस्तक चित्राविरुद्ध नाही. दिलीप सोमण आणि अमर चीमा यांनी भारतातल्या बांधकाम मजुरांबरोबर केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मजुरांच्या रोख मजुरीतली ठरलेली रक्कम वेगळ्या बंद पाकिटात दिली जाई. काहींच्या पाकिटावर त्यांच्याच मुलांचा फोटो होता. त्या मजुरांची बचत जास्त झाली. मुलाच्या चेहऱ्यावरून पाकीट फाडायला हात धजत नव्हता. त्याच वर्षी हाल हर्शफील्ड आणि सहकाऱ्यांनी तरुणांना त्यांचाच म्हातारा केलेला चेहरा दाखवला. तो पाहिलेल्यांनी निवृत्तीसाठी बाजूला काढलेली रक्कम बाकीच्यांच्या जवळपास दुप्पट होती. गुंतवणुकीतली सगळ्यांत कठीण गोष्ट म्हणजे लांबच्या दिवसाची आज काळजी करणं, आणि ते काम चित्र आकड्यांपेक्षा चांगलं करतं. या दोन अभ्यासांतली चित्रं ज्याच्या त्याच्या आयुष्यातली होती. मुलगा त्याचा होता, म्हातारपण त्याचं होतं. फ्लेक्सवरची हसरी मुलं कुणाचीच नसतात.

पुढच्या प्रकरणांत जाहिराती, पावत्या, आलेख, ॲप आणि चित्रफिती एकेक घेऊन त्यांची रचना उलगडली आहे. आलेखाची उभी रेघ शून्याऐवजी मध्येच कुठून सुरू केली की लहान वाढ डोंगराएवढी कशी दिसते आणि परताव्यासाठी सोयीचं साल कसं निवडलं जातं, हेही तिथे सविस्तर आहे. कुणाचं चित्र आवडलं आणि पैसे गुंतवावेसे वाटले, तर एक रात्र जाऊ द्या. सेबीच्या संकेतस्थळावर त्या संस्थेची नोंदणी पाहा. ठेव मागणाऱ्याबद्दल शंका असेल तर रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर विचारा. नोंदणी असलेल्या संस्थेबद्दल तक्रार असेल तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर करा. ऑनलाइन फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

आणि एक विनंती. तुमच्या घरात इंग्रजी कागद न वाचता येणारं कुणी वडीलधारं माणूस असेल आणि त्यांच्या हातात एखादी रंगीत पुस्तिका दिसली, तर त्यांना हसू नका, रागावू नका. त्यांच्याजवळ बसा आणि तिच्या मागच्या पानावरचा बारीक मजकूर त्यांना मराठीत वाचून दाखवा.

सिटी सेंटर, ग्वाल्हेर